कागद संपला तेव्हाचा वारा

एका बंदरावर वाऱ्याची नोंद ठेवणारे एक वृद्ध गृहस्थ एकदा राहत होते. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणे. टेकडीवरच्या खोलीत त्यांचे यंत्र होते. छपरावर वारा लागला की खाली फिरत्या कागदावर लेखणी त्याचा वेग रेखाटत जाई. हाताशी एक तरुण शिष्या होती. त्याच गावच्या कोळ्याची लेक, हुशार आणि जराशी उतावीळ.

एका वर्षी भीषण वादळ आले. शाळेत आसरा घेतलेली अकरा माणसे भिंतीखाली सापडून गेली. त्यांत शिष्येचा काकाही होता. गावाने पक्का निवारा बांधायचे ठरवले आणि कंत्राटदार टेकडी चढून आला. "वारा किती होता तेवढं सांगा. त्याला पुरून उरेल असा बांधतो."

शिष्येने कागद उलगडला. "ताशी एकशेवीस किलोमीटर. बघा, वीस मिनिटं रेघ तिथून हललेली नाही." आणि तिने नोंदवहीत तसे लिहिलेही.

गुरुजींनी लाल शाई घेतली आणि सर्वांसमक्ष तो आकडा खोडला.

"यंत्रानं लिहिलेलं तुम्ही खोडता?" कंत्राटदार वैतागला.

"वारा कधी वीस मिनिटं सरळ रेघेत वाहतो का?" गुरुजी शांतपणे म्हणाले. "तो उसळतो, दम घेतो. बाकीची रेघ बघ पोरी, कशी दातेरी आहे. इथंच गुळगुळीत का झाली? कारण कागदाची कड एकशेवीसवर आहे. लेखणी कडेला जाऊन टेकली. पुढे वारा होता, कागद नव्हता. आपली मर्यादा आपण वाऱ्याच्या नावावर लिहितो आहोत, आणि त्या भरवशावर माणसं आत बसणार आहेत."

शिष्येला लाज वाटली. पण ती लाज कुरवाळत बसली नाही. धक्क्यावरच्या फलकाचा लोखंडी खांब वादळात वाकला होता. तिने तसाच खांब रोवला, दोर बांधून कप्पीवरून वाळूची पोती टांगली आणि खांब तेवढाच वाकेपर्यंत ती वाढवत नेली. मग गणित करून तिने लिहिले, 'एकशेसाठ'. गुरुजींनी त्या आकड्याआधी एकच शब्द घालायला लावला: 'किमान'.

त्या एका शब्दाने कंत्राटदाराचे सुख गेले. कुरकुरत का होईना, त्याने निवारा दोनशेला टिकेल असा बांधला.

नऊ वर्षांनी पुन्हा तसेच वादळ आले. दुपारी वारा पडला, निवाऱ्याचे दार उघडले आणि चारशे बारा माणसे आपल्या पायांनी बाहेर आली. भिंतीला साधा तडाही नव्हता. कुणीतरी तेलाचा डबा बडवायला घेतला आणि सारा गाव चिखलातच नाचू लागला.

शिष्या नव्या यंत्राचा रुंद कागद घेऊन टेकडीवरून धावत आली. रेघ दातेरी होती. एकशेअठ्ठ्याहत्तरपर्यंत चढून ती आपली आपण खाली उतरली होती. पायरीवर बसलेल्या थकल्या गुरुजींनी त्या रेघेवरून बोट फिरवले. "ही वाऱ्याचीच आहे. आता लिही."

तिने आकडा लिहिला. मग कुणी न सांगता शेजारी लिहिले, 'कागदाची कड: अडीचशे'. ते वाचून गुरुजींचे डोळे भरून आले.

आपण पाहिलेले जगाला सांगताना आपली कड कुठे आहे, तेही सांगावे.