खरवड

"म्हणजे अजूनही नाही?" पान्दीने विचारलं.

"नाही," गुरुमाई म्हणाल्या आणि शेंगा सोलत राहिल्या.

डोंगरातल्या भिक्षुणींच्या मठात पान्दीने पुन्हा एकदा दीक्षा मागितली होती. तिच्यामागून आलेल्या मुलींचे केस दीक्षेसाठी उतरवले गेले, त्यांना करड्या कफन्या मिळाल्या. पान्दी मात्र अजून लांब वेणी घेऊन चुलीपाशीच होती.

"माझ्यात काय कमी आहे, ते तरी सांगा."

"तूच सांग. काय काय सोडलंस?"

हे तिला तोंडपाठ होतं. मान ताठ करून ती म्हणाली, "घर सोडलं. आईबाप सोडले. भूक जिंकली. मऊ अंथरूण नको, गोड शब्द नको. मला काहीच नको, गुरुमाई."

पान्दी म्हणजे भावाची वाट पाहणारी. दोन मुलींच्या पाठीवर तिसरीही मुलगीच झाली, म्हणून आजीने हे नाव ठेवलं. त्याआधी तिला टोपलीत घालून बाजाराच्या वाटेवर ठेवून पाहिलं होतं. दिवसभरात कोणी उचललं नाही, तेव्हा परत आणलं. ही गोष्ट घरात तिच्यादेखत हसत सांगितली जायची. तीही हसायची.

पुढे भाऊ झाला. तो आणि वडील आधी जेवायचे, मग आजी, मग आई आणि बहिणी. पान्दीच्या वाट्याला भांड्याच्या बुडाची करपलेली खरवड यायची. ती उभ्यानेच खायची. बसायला तिची अशी जागाच नव्हती.

मठातही ती सगळ्यांना वाढून झाल्यावर चुलीपाशी उभी राहून खरवड खायची. नव्या मुली एकमेकींना म्हणायच्या, "वैराग्य असावं तर पान्दीताईसारखं." ते कानावर आलं की तिला बरं वाटायचं.

गुरुमाईंनी शेंगांची परडी बाजूला सारली.

"ते घर तुझं होतं?"

"...नाही."

"त्या पंगतीत तुझा वाडगा होता?"

"नाही."

"मग सोडलंस काय?"

पान्दीचे कान तापले. काहीतरी खरमरीत बोलायला तिने तोंड उघडलं. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली.

सगळ्याजणी येऊन रांगेत बसल्या. पान्दीने भाताचं भांडं उचललं. गुरुमाईंनी ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि रांगेच्या टोकाला असलेल्या आपल्या आसनाकडे बोट केलं.

"बस."

"तिथे? मी... सगळ्यांचं होऊ दे ना आधी."

"बस म्हटलं ना."

ती अंग चोरून बसली. गुरुमाईंनी वरचा वाफाळता भात वाडग्यात घातला, त्यावर पालेभाजी घातली आणि वाडगा तिच्यापुढे ठेवला.

"तू घास घेतल्याशिवाय इथे कोणी जेवणार नाही."

सगळ्यांचे हात मांडीवरच राहिले. म्हाताऱ्या भिक्षुणी रुइलानला खोकल्याची उबळ आली, तीही तिने तोंडावर हात धरून दाबली. पान्दीची मान खाली गेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

शेवटी तिने घास घेतला. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. पुसायचं सोडून ती चावत राहिली. रांगेतले वाडगे हळूहळू वाजू लागले. गुरुमाई एकेकीला वाढत पुढे गेल्या.

करपलेला नसला की भात गोड लागतो, हे तिला ठाऊकच नव्हतं.

वाडगा रिकामा झाला. तो दोन्ही हातांत धरून ती तशीच बसून राहिली. चुलीपाशी जायला पाय उठेनात. गुरुमाई भांडं घेऊन परत जवळून जाताना दिसल्या, तसा तिने वाडगा पुढे केला.

"गुरुमाई..."

"हं?"

"मला... मला अजून हवाय."

गुरुमाईंनी तिचा वाडगा काठोकाठ भरला. मग रुइलानकडे वळून म्हणाल्या,

"जेवण झालं की वस्तऱ्याला धार लाव."