सगुणाबाईंची तंग विजार

सर्कशीचा तंबू तालुक्याच्या गावी पडला आणि दुसऱ्याच दिवशी मामलेदार रावसाहेब बिवलकर छडी हलवत आत आले. झुल्यावर कसरतीचा सराव करणाऱ्या सगुणाबाईंच्या पायांना घट्ट बसलेली गुलाबी विजार पाहून ते गरजले, "भल्या बाईला हे शोभत नाही. आजपासून पायघोळ परकर नेसून खेळ करा, नाहीतर परवानगी मिळणार नाही."

मालकांचा चेहरा उतरला. चाळीस माणसांचं पोट त्या खेळावर होतं. सगुणाबाई मनातून संतापल्या होत्या, पण शांतपणे खाली उतरल्या.

"नेसते की, रावसाहेब. फक्त तसा हुकूम तुमच्या सहीनं लिहून द्या. तंबूच्या दारावर लावते."

"दारावर कशाला?"

"झुल्यावर मी उलटी लटकते. तेव्हा परकर कुठे जाईल, ते तुम्हीच ताडा. लोक विचारतील, हा देखावा कुणाच्या हुकमानं? त्यांना नाव तर कळायला हवं."

रावसाहेब कानापर्यंत लाल झाले. हुकूम राहिला बाजूला, परवानगीवर मुकाट सही करून ते निघून गेले.

संध्याकाळी सगुणाबाई त्याच विजारीत या झुल्यावरून त्या झुल्यावर झेपावल्या. पहिली टाळी वाजवली, ती मामलेदारीणबाईंनी.