तांबड्या काड्या

“काड्या दिसतात ना सर? मग रिपोर्टवरची सही कशाला अडवून धरलीय?”

मुजावर सर मायक्रोस्कोपला डोळा लावून स्लाइड हळूहळू सरकवत राहिले.

प्रद्युम्न येरझाऱ्या घालत होता. नवा डॉक्टर, जंतूंची तपासणी शिकायला तालुक्याच्या या दवाखान्यात आलेला. नजर तीक्ष्ण होती, हे खरंच. पण ते तो स्वतःच इतक्यांदा सांगायचा की ऐकणाऱ्याचे कान किटावेत.

“तांबडा रंग घालून तापवली, अ‍ॅसिडनं धुतली, वर निळा दिला. अ‍ॅसिडनंही ज्याचा तांबडा जात नाही तो टीबीचा जंतू. तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं खरं.”

बाहेर व्हरांड्यात तान्हं बाळ रडत होतं. मघापासून थांबतच नव्हतं.

“का रडतंय ते?”

“हिचंच आहे. रेणुकाचं.” प्रद्युम्ननं तिच्या थुंकीच्या स्लाइडकडे बोट केलं. “टीबी आहे म्हणून मी सांगून आलो ना बाहेर. सासूनं लगेच बाळ काढून घेतलं. आता तिला जवळही येऊ देत नाही.”

सरांनी मान वर केली.

“सांगून आलास?”

“ताटकळली होती माणसं. आणि सर, मला दिसलं म्हणजे दिसलं.”

सर उठले. ड्रॉवरमधून एक स्लाइड काढून त्यांनी त्याच्या हातावर ठेवली.

“ही रंगव. तीच बाटली, तेच पाणी. काही बदलू नकोस.”

“कुणाची आहे?”

“रंगव तर.”

त्यानं भराभर रंगवली. हात सवयीनं चालत होते, पण बाहेरचं रडणं डोक्यात जात होतं. एकदाची स्लाइड मायक्रोस्कोपखाली गेली आणि त्याचा चेहरा उजळला.

“सापडल्या! त्याच काड्या, तांबड्यालाल! हाही पॉझिटिव्ह. बोलवा सर त्याला. कोण आहे?”

“कोणी नाही. कोरी काच होती.”

…

प्रद्युम्न पुन्हा वाकला. काड्या होत्या. सरळ झाला, परत वाकला. होत्याच.

“पाणी कुठलं घेतलंस?”

“डिस्टिल्ड वॉटर संपलं होतं. नवं येईपर्यंत थांबवेना, म्हणून… नळाचं.” त्याचा आवाज खाली आला. “पाण्यातही असतात?”

“त्यांचे भाऊबंद असतात. बहुतेक निरुपद्रवी. रंग मात्र तसाच धरून ठेवतात.”

“म्हणजे रेणुकाला टीबी नाही!”

“असं कुठं म्हणालो मी?”

“मग आहे?”

सरांनी पाण्याची बाटली बेसिनमध्ये उलटी केली.

बाहेर बाळाचा आवाज आता घोगरा झाला होता. प्रद्युम्नला उभं राहवेना, बसवेना. लाज वाटत होती त्याला, अगदी कानाच्या पाळ्या तापेपर्यंत.

“नवा नमुना घेतो. चांगल्या पाण्यानं रंगवतो. संध्याकाळपर्यंत कळेल. मग सांगतो त्यांना.”

सर दाराशी गेले. दार उघडून, एका बाजूला होऊन उभे राहिले.

“आत्ता?… पण सर, नक्की काहीच माहीत नसताना बाहेर जाऊन बोलू कसा?”

“मघाशी बोललास तसा.”