जासूद सावकाश चालू लागला

फार पूर्वी, राजाचे निरोप माणसांच्या पायांनी जात असत, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराळ मुलखातल्या एका गावात रायाजी नावाचा जासूद राहत होता. राजाचा खलिता कमरेला बांधायचा आणि घाट ओलांडून पलीकडच्या ठाण्यावर पोचवायचा, हे त्याचं काम. चाळीस वर्षं त्याने ते केलं. त्याचा खलिता एकदाही उशिरा पोचला नाही. शेवटी राजाने भर दरबारात त्याच्या हातात चांदीचं कडं घातलं आणि म्हटलं, "रायाजी, आता विसावा घे."

पहिलं वर्ष मजेत गेलं. रायाजी पारावर बसून घाटातल्या वाघाच्या, चोरट्यांच्या गोष्टी सांगे आणि माणसं कान टवकारून ऐकत. पण त्याच त्या गोष्टी कोण किती दिवस ऐकणार? आठव्या वर्षी असं झालं, की त्याने "एकदा काय झालं" म्हटलं रे म्हटलं, की कोणाला तरी गुरं आठवत, कोणाला तरी सरपण. पार रिकामा होई. घरी बायको, तुळसा, म्हणे, "पाय धड आहेत, पण माणूस बसून बसून गंजला."

एके सकाळी गोजराबाई कुंभारीण पाराशी आली. डोळ्यांवर सारा पडून तिची नजर मंदावत चालली होती. हाताने चाचपत ती कडेला टेकली.

"दादा, तुम्ही घाटापलीकडच्या आंबेवाडीवरून जात होतात ना?"

"हजार वेळा!" रायाजी ताठ बसला. "एका वेशीतून आत शिरलो, की दुसऱ्या वेशीतून बाहेर पडायला मला पन्नास श्वास लागायचे."

"माझी लेक चंद्रा तिथेच दिलीय. कधी दिसली का हो तुम्हाला?"

रायाजी आठवू लागला. आंबेवाडीतला दगड न् दगड त्याला ठाऊक होता. माणूस मात्र एकही आठवेना.

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. तो तुळसाला म्हणाला, "आंबेवाडीच्या बांधावर एक म्हातारा तांब्या घेऊन उभा असायचा. 'पाणी तरी पिऊन जा' म्हणायचा. मी नुसता हात हलवून पुढे पळायचो. त्याचं नावसुद्धा विचारलं नाही. चाळीस वर्षं मी नुसता पळालोच की काय?"

"तेव्हा थांबला असतात, तर राजाचं काम बुडालं असतं," तुळसा म्हणाली. "त्यात तुमची चूक नाही. पण आता कोणाचं काम बुडतंय?"

दुसऱ्या दिवशी रायाजीने गोजराबाईचं दार ठोठावलं. "चंद्राला काय सांगायचं ते सांगा. मी निघालो."

गोजराबाईने त्याला ओट्यावर बसवलं. मग म्हणाली, "लग्नाच्या वेळी आमचं वाजलं. 'पुन्हा या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस' म्हणाले मी. बारा वर्षं झाली. तिला म्हणावं, आईचा राग त्याच दिवशी संध्याकाळी निवला होता. सांगायला माणूस मिळाला नाही. आणि म्हणावं, डोळे चाललेत, आहेत तोवर ये."

पूर्वी जिथे रायाजी अर्ध्या दिवसात पोचे, तिथे आता त्याला दोन दिवस लागले. चंद्रा अंगणात चिखल तुडवत होती. निरोप ऐकून तिने तोंड फिरवलं. मग म्हणाली, "पुन्हा सांगा, मामा." त्याने पुन्हा सांगितला. तिने तिसऱ्यांदा सांगायला लावला.

"पुनवेला न्यायला याल?" तिने विचारलं. "धनी मडकी घेऊन लांबच्या बाजारांना गेलेत. लेक लहान आहे, घाटाची वाट मला एकटीला जमायची नाही. पुनव गेली की पाऊस लागेल. मग चार महिने घाट बायकामुलांना बंद."

"येतो," रायाजी म्हणाला.

पुनवेला दोन दिवस उरले असताना तो घरून निघाला, तोच दारात घोडेस्वार उभा राहिला.

"रायाजी, नशीब उघडलं तुमचं! महाराजांनी तुम्हाला सगळ्या जासूदांचा नाईक केलंय. उद्या दरबारात पागोटं बांधणार. चला, आत्ताच."

रायाजीचं काळीज उड्या मारू लागलं. आठ वर्षं त्याने याच हाकेची वाट पाहिली होती. त्याने विचारलं, "पाच दिवसांनी आलो तर?"

"महाराज कोणासाठी थांबत नाहीत. हे मी तुम्हाला सांगायचं?"

"खरंय," रायाजी हसून म्हणाला. "चाळीस वर्षं मीही थांबलो नाही." मग त्याने काठी उचलली. "महाराजांना माझा मुजरा सांगा. म्हणावं, रायाजीकडे आज दुसरा निरोप आहे."

पागोटं दुसऱ्याच्या डोक्यावर चढलं. इकडे रायाजी चंद्राला आणि तिच्या मुलीला घेऊन घाट उतरला. गोजराबाईने नातीचं तोंड दोन्ही हातांत धरून अगदी डोळ्यांजवळ नेलं. कितीतरी वेळ ती बघत राहिली. मग म्हणाली, "हनुवटी माझीच घेतलीय गं हिने." चंद्रा रडता रडता हसली.

पावसाळा सरता सरता गोजराबाईची नजर पुरती गेली. पण पाहायचं ते तिने पाहून घेतलं होतं.

घाट उघडला तशी रायाजीच्या अंगणात माणसं येऊ लागली. कोणाला बहिणीची खुशाली हवी होती, कोणाला भावाशी धरलेला अबोला सोडायचा होता. रायाजी सगळ्यांचे निरोप नेई. सावकाश चाले, घरोघर टेके, प्रत्येकाचं नाव विचारी. अकरा गावांत तो घरचा झाला.

एकदा शेजाऱ्याने विचारलं, "नाईकपद हातचं गेलं, रायाजी. वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना," रायाजी म्हणाला. "आंबेवाडी येईपर्यंत वाटत होतं. परतताना ती पोर खांद्यावर बसली, आणि वाईट वाटायचं राहूनच गेलं."

तात्पर्य: चाकरी संपते, वाट संपत नाही. धावताना जी माणसं मागे राहिली, त्यांच्यापाशी थांबायचं काम उतारवयासाठीच राखलेलं असतं.