संगणकाच्या पोटातली मापं

कात्र्या आणि संगणक माणसांशी बोलायचे, त्या काळातली ही गोष्ट. कुमुदताईंच्या शिवणाच्या दुकानात एक जुना संगणक होता. गल्लीतल्या सगळ्या बायकांची मापं आणि फोन नंबर त्याच्या पोटात होते. नवा संगणक आला, तेव्हा कुमुदताईंनी जुन्यातल्या फायली काढून टाकल्या आणि तो विकायला काढला.

"मी आता अगदी कोरा झालो!" संगणक ऐटीत म्हणाला.

"हो का?" टेबलावरची कात्री म्हणाली. "मग गोदूताईंची कंबर किती, सांग बघू."

"बेचाळीस इंच!" संगणक बोलून गेला.

नेमक्या त्याच वेळी गोदूताई ड्रेस न्यायला दारात आल्या होत्या. "अगं बाई! गल्लीत मी छत्तीस सांगते गं कुमुद! हा उद्या परक्याच्या घरी जाऊन काय काय बरळेल!"

कुमुदताई ओशाळल्या. "पण मी तर सगळं काढलं होतं."

"ताई, खडूची रेघ हाताने झटकली की दिसेनाशी होते, पण कापडातून जाते का?" कात्री म्हणाली. "धुवावंच लागतं."

कुमुदताईंना पटलं. जुन्याचा मागमूस राहू नये म्हणून त्यांनी संगणकाची सबंध डिस्क निरर्थक आकड्यांनी भरली आणि मग ते आकडेही पुसले. संगणक दुपारभर घरघरत राहिला. गोदूताई तिथून हलल्या नाहीत.

शेवटी कात्रीने पुन्हा विचारलं, "गोदूताईंची कंबर किती?"

"कोण गोदूताई?" संगणक म्हणाला.

आपल्याला कुणी ओळखत नाही, याचा गोदूताईंना जन्मात पहिल्यांदाच इतका आनंद झाला.