वळशाची वाट

वेखंडवाडीकडे खालून येणारी वाट वाडीतून सरळ पठारावर जाते. पण वाडी हाकेच्या अंतरावर आली की वाटेला एक फाटा फुटतो. तो वाडी टाळून, कातळाच्या कडेने अर्धा कोस वळसा घालतो आणि पुन्हा मूळ वाटेलाच मिळतो. त्या फाट्याने कोणी जात नाही, तरी त्यावर गवत उगवत नाही. हा उपद्व्याप केला कोणी, असे नवखी माणसे विचारतात. मग वाडीतले म्हातारे नाथाआजा पारावर बसकण मारतात आणि म्हणतात, "लाजंनं केला."

फार पूर्वी वाडीत सोयरिकीची रीत निराळी होती, असे सांगतात. मुलाने मुलीच्या उंबऱ्याशी आपली काठी ठेवायची. मुलीने ती घरात नेली, की ठरले. मग त्या घरी दुसऱ्याने विचारायला जायचे नाही. मोडायचे झालेच, तर ज्याची काठी त्यानेच येऊन न्यायची. मुलीच्या हाती काही नव्हते. रीत एकाच अंगाची होती, हे आजाही कबूल करतात.

पठारावरचा मेंढपाळ म्हाकू दोन वर्षे वाडीतल्या सगुणाच्या दारापुढे उगीच मेंढरांना शिव्या घालत रेंगाळायचा, आणि ती झाडलेलेच अंगण पुन्हा झाडायची. दिवाळीनंतर कळप घेऊन देशावर उतरताना त्याने तिच्या उंबऱ्याशी काठी ठेवली. तिने ती उचलली. "पावसाच्या तोंडावर, रोहिण्यांत येतो," तो म्हणाला. तेव्हा तो खोटे बोलत नव्हता, हे आजा आवर्जून सांगतात.

देशावर शेजारी दुसऱ्या मेंढपाळाचा कळप बसला होता. त्याच्या मुलीवर म्हाकूचा जीव जडला आणि चैत्रात लग्नही झाले. परतताना वाडी दिसली आणि त्याचे पाय अडले. आज नको, उतरताना सांगू, असे म्हणून त्याने कळप कातळाकडे वळवला. उतरताना वाटले, इतके महिने गेले, आता कुठल्या तोंडाने जायचे? पुढच्या वर्षी लाज दुप्पट झाली होती. अशी बारा वर्षे गेली, आणि मेंढरांच्या खुरांनी तिथे वाट पडली. दरवर्षी हा फेरा कशाला, असे बायकोने विचारले, की तो म्हणायचा, इकडे चारा बरा असतो. कातळावर चारा! आपल्या लेकीला मांडीवर घेतले, की त्याला तो उंबरा आठवायचा आणि हातातला घास तसाच राहायचा.

तेराव्या वर्षी म्होरकी मेंढी अधू झाली. तिला वळसा झेपेना. ती सरळ वाडीत शिरली आणि तिच्यामागून सगळा कळप. म्हाकूला जावेच लागले. मेंढी नेमकी सगुणाच्या अंगणात जाऊन बसली म्हणे.

सगुणाचे केस पिकू लागले होते. वळचणीला त्याची काठी टांगलेली होती, तेलाने चकचकीत.

"त्याल कोन लावतं?" त्याच्या तोंडून एवढेच निघाले.

"मीच. दुसऱ्याची वस्त हाय, किडा लागाय नगं."

"मला वाटलं, तुला कळलं आसंल."

"पयल्याच साली कळलं. दर साली कातळावर तुज्या मेंढरांची धूळ दिसायची. वाडीतला कोंडिबा सात वर्सं इचारत व्हता, काठी गेली का म्हनून. मग त्यानंबी लगीन केलं." तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. "न्हाई म्हनाया किती येळ लागतो रं? ह्ये पानी पिशील तेवढाच."

त्याने तांब्या तसाच खाली ठेवला. तो तिचे पाय धरायला वाकला, तशी ती मागे सरली. "पाया नगं पडू. काठी ने."

त्याने काठी नेली. दुसऱ्या दिवसापासून तो ती वाट बुजवू लागला. माती टाकी, गवताची ढेकळे लावी. मरेपर्यंत त्याने दुसरे काही मनावर घेतले नाही. पावसात सगळा डोंगर हिरवा होई, ती वाट सोडून. सगुणाने पुढे लग्न केले का, याबद्दल दोन मते आहेत. आजा म्हणतात, तिचे तिने ठरवले असेल, आता काठी नव्हती.

आता पोरे मोबाइलवर जमवतात. पण मोडायचे तर मुलगा असो की मुलगी, मोडणाऱ्याने स्वतः दिवसाउजेडी, सरळ वाटेने त्या घरी जायचे आणि तोंडाने सांगायचे. घरचे शिव्या देत नाहीत. तांब्याभर पाणी देतात आणि ते संपेपर्यंत गप्प बसतात. मग जाताना त्याने वळशाच्या वाटेवर ओंजळभर माती टाकायची.

"आजा, तुम्ही टाकली होती का कधी?" एका पाहुणीने हसत विचारले.

आजांनी कातळाकडे पाहिले. "रोज सकाळी टाकतो की," ते म्हणाले. "पर जिला शबूद दिलता, तिच्या घरचं पानी प्याया गेलो न्हाई."

आजही त्या वाटेवर गवत नाही.