रेजूचं स्वतःचं पाप

वसईकडच्या एका गावात हिरव्यागार केळींच्या मधोमध सेलीनबायची वाडी होती. पांढऱ्याशुभ्र जाईचे मांडव, गुलाबी कण्हेर, पिवळीधमक शेवंती! ती फुलं खुडायला रेजूची आई पहाटेपासून वाकायची. रेजूला बाप नव्हता, घर एका खोलीचं, आणि उद्या तिचं पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमधला पवित्र प्रसाद पहिल्यांदा घ्यायचा सोहळा, असूनही अंगात घालायला मामेबहिणीचा पिवळा पडलेला झगा. पण झग्यापायी रडणारी रेजू नव्हेच. तिचं दुखणं वेगळंच होतं.

झालं होतं असं. गावात कपडे शिवायची कोन्सूमावशी. सेलीनबायच्या नातीचा चमचमता कम्युनियनचा झगा तिच्याकडे शिवून तयार होता. मावशी विहिरीवर गेली आणि रेजूने कात्री उचलून कचकन त्याची वीतभर लेस कापली. इवलीशी, मोत्यांची. आपल्या जुन्या झग्याला लावायची म्हणून! मग सेलीनबायने भर अंगणात कोन्सूमावशीला चोर म्हटलं, आणि पंधरा दिवस झाले, मावशीच्या दारात कुणी चिंधीसुद्धा आणली नव्हती. रेजू गप्प. लेस उशीखाली.

आज शनिवार, पहिल्या पापनिवेदनाचा दिवस. फादरांच्या कानात आपलं चुकलेलं सांगायचं आणि देवाची माफी घ्यायची. आता आपलं खरं पाप सांगायला कोण धजतं हो? रेजूने आत्याची घरातली उजळणी ऐकून तिचंच पापनिवेदन पाठ केलं होतं. चर्चमधल्या पापनिवेदनाच्या जाळीपुढे गुडघे टेकून तिने घडाघडा म्हटलं, "फादर, मी तीनदा नवऱ्याशी भांडले, सुनेला टोचून बोलले..."

जाळीपलीकडे म्हातारे फादर खोकले.

"बाळ, तुझं वय किती?"

"नऊ."

"आणि नवरा काय करतो?"

"अजून... झाला नाही, फादर."

"मग हे पाप तुझं नाही गं राणी. स्वतःचं घेऊन ये. मी इथेच बसलोय."

रेजू धूम पळाली, ती थेट वाडीत. जाईच्या मांडवाखाली तिने हमसून हमसून रडायला सुरुवात केली. तेवढ्यात एका कळीतून चांदीचा उजेड सांडला, आणि बोटाएवढी एक परी बाहेर आली. पंख निळे-जांभळे, पायात शेवंतीच्या पाकळ्यांचे चिमुकले जोडे.

"रडू नकोस, सोनुले," परी म्हणाली. "एक इच्छा देते. संध्याकाळची घंटा व्हायच्या आत माग. म्हणशील तर तुझं पाप पुसून टाकते. लेस झग्याला परत चिकटेल आणि सगळे सगळं विसरतील. तूसुद्धा. नियम एकच, पुसलेलं पुन्हा कुणाला सांगता येत नाही."

रेजूने नाक पुसलं. "आणि मावशी पंधरा दिवस रडली, ते?"

"ते पोटात राहील तिच्या. आपल्याला रडू का येतं, ते तिला कळणार नाही, इतकंच."

"अगं बाई! आणि मला माफ कोण करणार?"

परी गोंधळली. "माफ? ते मला येत नाही गं. मला फक्त पुसता येतं."

"मग ठेव तुझी इच्छा तुझ्याकडेच!"

परीने टिचकी वाजवली. हवेत एक झगा तरंगला, दुधासारखा पांढरा, चांदण्या जडवलेला. "हाही देते. आणि वेडे, तू बोललीस तर सेलीनबाय तुझ्या आईला कामावरून काढेल!"

रेजूला आईची वाकलेली पाठ आठवली. तो झगा तिला हवा होता, खूप हवा होता. पण ती पाय आपटून म्हणाली, "काढू दे! पाप माझं आहे, मीच सांगणार!"

तिने घरून लेस घेतली आणि चर्च गाठलं. या वेळी पाठ केलेलं काहीच नव्हतं. अडखळत, हुंदके देत तिने सगळं सांगितलं. फादर म्हणाले, "देवाने तुला माफ केलंय, बाळ. प्रायश्चित्त म्हणून तीनदा 'नमो मरिया'ची प्रार्थना म्हण. आणि जिचं नाव गेलं, तिचं तिला परत दे."

सेलीनबायच्या अंगणात बायका उद्यासाठी हार गुंफत होत्या. चर्चच्या कामाला नाही कसं म्हणायचं म्हणून आलेली कोन्सूमावशी कोपऱ्यात एकटीच बसली होती, तिच्याशेजारी कुणी बसेना. रेजू अंगणाच्या मधोमध उभी राहिली. तिने लेस उंच धरली, आवाज खणखणीत.

"लेस मी कापली! मावशीने नाही, मी!"

आईच्या हातातला हार गळून पडला. सेलीनबाय कडाडली, "कार्टे! उद्यापासून तुझ्या आईने माझ्या वाडीत पाऊल ठेवायचं नाही!"

"अजून घंटा व्हायचीय," परी वेलीवरून कुजबुजली. "बोल, पुसू?" रेजूने 'नाही' म्हणून जोरजोरात मान हलवली.

कोन्सूमावशी उठली. तिने रेजूचा दंड घट्ट धरला. "पंधरा दिवस, रेजू! एकेक दिवस वर्षासारखा गेला गं माझा!" तिचे डोळे भरून आले, आणि तिने पोरीला पोटाशी ओढलं. "माफ केलं तुला. राग मात्र उद्यापर्यंत राहील, सांगून ठेवते."

"एवढ्यावर सोडतेस?" सेलीनबाय ओरडली.

"नाव माझं गेलं होतं, सेलीन, माफ मी करणार! तू चारचौघांत मला चोर म्हणालीस. या चिमुरडीने चारचौघांत आपलं पाप पदरात घेतलं. आता तू बोल की!"

चर्चची घंटा वाजू लागली. न मागितलेली इच्छा उराशी धरून परी हसली आणि सोनेरी उजेडात विरून गेली. रेजूचं तिकडे लक्षच नव्हतं. ती मावशीला बिलगून सेलीनबायकडे टक लावून बघत होती. सेलीनबाय दोन पावलं कोन्सूमावशीकडे आली. मग मान खाली घालून ती म्हणाली,

"चुकलं माझं, कोन्सू."